देवीने स्वीकारलेला गूळ

"आमच्या या मित्राला तरुणपणापासून साखरेचा विकार. डॉक्टरांनी गोड बंद केलेले. आणि गडाच्या मधल्या टप्प्यावर पाहतो, तर हा खडकाआड बसून गूळ खातो आहे! मी तो हिसकावून घेतला, याला तिथेच बसवले आणि वर जाऊन तो गूळ देवीच्या पायाशी ठेवला. म्हटले, आई, याला सांभाळ. शर्यत संपवून त्याच वाटेने परत आलो, तेव्हा गूळ नाहीसा झालेला. देवीने तो स्वीकारला होता. म्हणून हा आज तुमच्यासमोर बसलेला आहे."

हे कथन आमच्या लालबागच्या व्यायामशाळेच्या अध्यक्षांचे आहे. अध्यक्ष आणि मी एका चाळीत वाढलो, एका गिरणीत एकाच साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागलो आणि एकाच संपात घरी बसलो. गिरणी संपाच्या वर्षापासून ते ही हकीकत सांगत आले आहेत. गणपतीत सांगतात, पूजेला सांगतात, लग्नाच्या पंगतीत माझ्या पानासमोर उभे राहून सांगतात. आजवर मी ती ऐकून घेतली. परंतु गेल्या महिन्यात दादरच्या एका सभागृहात त्यांनी ती अशा प्रसंगी सांगितली, की यापुढे गप्प राहणे म्हणजे मान्यता देणे होईल. म्हणून हे लिहीत आहे.

प्रसंग एका मुलीच्या सत्काराचा होता. मुलगी आमच्याच विभागातली, परळच्या नव्या इमारतीत राहणारी, बँकेत नोकरी करणारी. तिला माझाच आजार आहे, म्हणजे ज्यात शरीर इन्सुलिन तयारच करत नाही तो. (अध्यक्षांना म्हातारपणी झालेला मधुमेह वेगळा. तो शिऱ्यातून येतो.) ही मुलगी डोंगरवाटांवरून धावते. आमच्या शर्यतीचा तो गड ती धावत चढली, आणि मानपत्रात लिहिले होते: हा आजार असताना तो गड धावत चढणारी आपल्या विभागातील पहिली व्यक्ती.

मी उभा राहून म्हणालो, "पहिली नाही."

अध्यक्ष व्यासपीठावरून, ध्वनिक्षेपकातून म्हणाले, "बस रे बाबा. साखर कमी झाली वाटतं तुझी. कोणीतरी गोळी द्या याला."

सगळे हसले. त्यानंतर त्यांनी ती गुळाची हकीकत सांगितली आणि शेवटी पुस्ती जोडली: "तेव्हा ही यंत्रे नव्हती हो. यंत्राशिवाय या आजारात डोंगर चढणे अशक्यच होते."

या एका वाक्याने माझे आयुष्य पुसले गेले. मला मानपत्र नको. त्या मुलीचे काढूनही घ्यायचे नाही. पण पहिली व्यक्ती ती नव्हे, आणि जे अशक्य म्हणून सांगितले गेले ते मी केलेले आहे, एवढे मान्य झाले पाहिजे.

मला तिचा हेवा वाटला, असे कोणी म्हणेल तर मी नाकारणार नाही. व्यासपीठावर बसल्या बसल्या तिने दंडाकडे नुसता हात नेला. तिथे रुपयाएवढी एक पांढरी चकती चिकटवलेली. मग मांडीवरच्या फोनकडे पाहिले, आणि रक्तातली साखर किती, ती चढते आहे की उतरते आहे, हे तिला बाणासकट कळले. कमरेला छोटी डबी, तिच्यातून इन्सुलिन आपोआप शरीरात जाते. मध्येच ती डबी वाजली. तिने पाण्याचा पेला उचलावा इतक्या सहजपणे पिशवीतून एक गोड जेलीची पुडी काढली, फाडली आणि शेकडो लोकांसमोर चोखली. कोणी हिसकावली नाही. उलट पहिल्या रांगेतल्या बायका कौतुकाने पाहत होत्या. मला सभागृह सोडून जावेसे वाटले.

माझ्याजवळ काय होते ते सांगतो. काचेची सिरिंज आणि तिची जाड सुई, एका पत्र्याच्या डबीत स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेली. रोज सकाळी ती पातेल्यात उकळायची. सुई बोथट झाली की सहाणेच्या कडेवर घासायची. औषधाची बाटली थंड ठेवायला हवी, आणि फ्रिज आमच्या मजल्यावर कोणाकडेही नव्हता. ती मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाण्याच्या माठात सोडत असे. वरळी कोळीवाड्यातून पाटी घेऊन येणारी कोळीण मावशी एकदा दयेने म्हणाली, "अरे, माज्याकडं बरफ हाय की, घे." मी घेतला. बाटली गोठली, औषध फुकट गेले, आणि उरलेला बर्फ खोलीभर बोंबलाचा वास सोडून वितळला.

आणि साखर मोजायची ती रक्तातली नव्हे, लघवीतली. निळे द्रावण परीक्षानळीत घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि ती नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. विटकरी रंग आला तर साखर फार, हिरवा आला तर थोडी, निळा राहिला तर नाही. आता हा निळा रंग नीट समजून घ्यावा. साखर उत्तम आहे तेव्हाही तो निळाच, आणि माणूस कोसळण्याच्या बेतात आहे तेव्हाही निळाच. ज्या गोष्टीने डोंगरावर जीव जातो, तिच्याविषयी ती नळी एक अक्षर सांगत नसे. ते मला माझ्या वरच्या ओठावरून कळे. साखर उतरू लागली की तिथे आधी घाम येतो, मग ओठ बधिर होतो, मग बोटे थरथरतात. त्या मुलीचा बाण तिच्या फोनवर असतो. माझा माझ्या ओठावर होता.

संप लांबला तशी गिरणगावातली माणसे रिकामी झाली. भोंगे बंद पडले, पण सकाळी त्या वेळेला जाग यायचीच. करायचे काय? तेव्हा व्यायामशाळेच्या वस्तादांनी पोरांना धावायला लावले. लालबागहून निघायचे, बंद गिरण्यांच्या भिंतींकडेने वडाळ्याकडे जायचे, अँटॉप हिलचा चढ घ्यायचा आणि परत. विभागातल्या व्यायामशाळांची गडावरची शर्यत ठरली, ती यातूनच.

अध्यक्ष तेव्हा अध्यक्ष नव्हते. नुसते देखणे होते. छाती अशी, की बनियन घातले तरी उघडेच वाटावेत. ते अँटॉप हिलवरून उतरून आले की पहिल्या टपरीवर दोन वडापाव खात, वर गोड चहा पीत, आणि त्या घासाचा त्यांना कसलाही हिशेब द्यावा लागत नसे. मी शेजारी उभा राहून ओठ चाचपत असे. त्यांच्या धावण्याचा मला कधी हेवा वाटला नाही. धावण्यात मी त्यांच्या बरोबरीने होतो, चढावर थोडा पुढेच. हेवा वाटला तो त्यांच्या बेफिकीर खाण्याचा. माझ्या बायकोने हे ओळखले होते. ती म्हणे, "भावोजींच्या तोंडाकडे काय बघत बसता? दृष्ट लागेल त्यांना." म्हणजे काळजी त्यांचीच.

शर्यतीत मला घ्यायचे की नाही यावर वाद झाला. अध्यक्ष म्हणाले, "आजारी माणूस नको संघात. वाटेत पडला तर नाव व्यायामशाळेचं जाईल." वस्तादांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "पडलो तर उचलू नका." मला घेतले गेले.

माझी पद्धत साधी होती आणि ती मीच शोधून काढलेली होती. गुळाचा खडा फडक्यात बांधून कमरेला खोचायचा आणि ओठाने इशारा देण्याआधीच थोडा थोडा दातांनी तोडून खायचा. डॉक्टरांनी गोड बंद केले होते हे खरे. पण डॉक्टरांनी गोड बंद केले होते ते जेवणात. सुई घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसाच्या शरीरात इन्सुलिन आपले काम करत असते आणि पायही आपले काम करत असतात. दोघे मिळून साखर संपवतात. त्या वेळी गूळ हे औषध असते. हे मी चाळीत अनेकांना समजावले. ऐकणाऱ्याने मान डोलवायची आणि जाताना म्हणायचे, "ते खरं, पण गोड जपून हो." आमच्याकडे साखरेचा आजार म्हणजे साखर हे विष, एवढेच लोकांना ठाऊक, आणि विष हातातून काढून घेणे हे पुण्य.

शर्यतीचा मार्ग असा: पुढच्या गावातून गड चढायचा, माथ्यावरचे देवीचे देऊळ ओलांडायचे आणि मागच्या बाजूने दुसऱ्या गावात उतरायचे. निशाण त्या मागच्या गावात. माथ्यावर माणूस ठेवलेला नव्हता. माझी सिरिंज आणि औषधाची बाटली पुढच्या गावात एका घरी, त्यांच्या माठात ठेवलेली होती. संध्याकाळची सुई मला तिथेच येऊन घ्यायची होती.

मधल्या टप्प्यापर्यंत मी पहिल्या तिघांत होतो. तिथे एक मोठा खडक आहे. मी त्याच्या आडोशाला थांबलो, लपायला नव्हे, वारा होता म्हणून, आणि फडके सोडले. पहिला घास तोंडाजवळ नेतो, तोच मागून हात आला.

"मेल्या, डॉक्टरान तुका गोड बंद केल्यान ना? नि हय लपान गूळ खातंस?" घाई झाली की अध्यक्ष मालवणीवर येत.

"दे इकडे. मला लागतो तो."

"लागता? मराचा आसा काय तुका?"

"अरे, नाही खाल्ला तर मरेन!"

"सगळे दारुडे असाच सांगतत." त्यांनी फडक्यासकट गूळ मुठीत धरला. मी झटापट केली, पण माझ्या बोटांना तेव्हाच थरथर सुटली होती आणि त्यांची शरीरयष्टी तुम्हाला सांगितलीच. मला खांदे धरून खाली बसवत ते म्हणाले, "बस हयसर. हलू नको. ह्यो गूळ मी देवीक ठेवतंय, तुझ्या नावान. येताना घेऊन जातंय तुका." आणि गेले. शर्यत त्यांनीच जिंकली. त्यांचा चषक अजून व्यायामशाळेच्या कपाटात आहे.

अध्यक्षांच्या कथनात मी यापुढे तिथेच बसून राहतो आणि वाचतो. आता मी काय केले ते ऐका.

ओठ बधिर झाला होता. बसून राहिलो असतो तर सकाळच्या सुईने थोड्याच वेळात मला झोपवले असते, आणि मग कोणी चपला हुंगवून फिट आली म्हणून पाणी मारत बसले असते. खाली गाव लांब होते आणि मध्ये हात सोडून उतरता न येणारा कातळ होता. थरथरत्या बोटांनी तिथे उतरणे म्हणजे पडणे. वर देऊळ जवळ होते, आणि गूळ वर गेला होता. त्या माणसाने माझा जीव माझ्यापासून हिसकावला, पण तो कुठे ठेवणार हे सांगून गेला, एवढेच त्याचे उपकार.

मी वर निघालो, तोवर मागचे सगळे खडकापुढून निघून गेले होते. जिथे धावता आले तिथे धावलो, जिथे आले नाही तिथे गुडघ्यांवर हात दाबत गेलो, आणि शेवटच्या टप्प्यावर कारवीच्या झुडपांना धरून. चढ असा, की पुढे गेलेल्यांची पाठही दिसत नव्हती. घामाने डोळे मिटत होते. एकदा मला वाटले, मी गिरणीत आहे आणि साचा थांबला आहे, तो चालू करायला हवा. मग कळले की पाय थांबले आहेत. ते चालू केले. देवळात शिरलो, गूळ शोधला आणि खाल्ला. देवीकडे परवानगी मागितली नाही. गूळ माझा होता.

हात स्थिर झाल्यावर मी पाहिले, मागची उतरंड समोर होती आणि खाली दुसऱ्या गावातले निशाणही दिसत होते. पण माझे औषध पुढच्या गावात होते. शर्यत संपवावी तर गड पुन्हा चढून यावे लागणार, आणि गूळ संपला होता; म्हणजे रात्र सुईविना. म्हणून आल्या वाटेने परत उतरलो. शर्यत पूर्ण केली असा माझा दावा नाही, कधीही नव्हता. गड चढलो, एवढाच आहे.

शर्यत संपल्यावर अध्यक्ष दोघांना घेऊन माथ्यावरून मला न्यायला आले, तेव्हा मी पुढच्या गावात त्या घराच्या ओटीवर सिरिंज उकळत बसलो होतो. मी म्हटले, "वर जाऊन आलो. गूळ मी खाल्ला."

अध्यक्ष हसून सोबत्यांना म्हणाले, "वर गेला होता म्हणे! बसल्या जागी स्वप्न पडलं याला." आणि मग आवाज खाली आणून, "गूळ देवीने घेतला, पोरांनो. मी डोळ्यांनी पाहिलं, जागा रिकामी होती."

त्या दिवसापासून मला संघात घेतले नाही. वस्ताद म्हणाले, "तू टाळ्या वाजव. त्यालाही माणूस लागतो." पुढे संप कधी संपला हेच नीट कोणाला सांगता येत नाही, तसा तो विरून गेला. गिरणी उघडली नाही. मी एका छापखान्यात लागलो. अध्यक्ष व्यायामशाळेत चढत गेले. आणि दर वर्षी त्या दिवशी माझी बायको त्यांना घरी बोलावून शिरा करीत असे, भरपूर तुपाचा, कारण त्यांनी तिचे कुंकू राखले होते. मी शेजारी भाकरी खात असे.

तिला मी सांगितले होते. पहिल्याच वर्षी. ती पळी हातात धरून म्हणाली, "तुम्ही खाल्लात म्हणजे देवीनेच खाल्ला की. त्यात भावोजींचं काय चुकलं?"

"अगं, त्याने हिसकावला!"

"हिसकावला म्हणून तर देवीपाशी पोचला."

आणि तिने पळी पुन्हा शिऱ्यात घातली. तिच्या शेवटच्या वर्षीही अध्यक्षांना शिरा मिळाला.

सत्कारानंतर ती मुलगी माझ्याकडे आली. मी तिला बसही म्हटले नव्हते, ती बसली. म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी सकाळची सुई नेहमीएवढीच घेतली होती का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मला रागच आला, की तो विचारायला हिला जन्मावे लागले.

"नेहमीएवढीच. कमी करायची असते हे तेव्हा कोणाला माहीत होतं?"

"मग नुसतं बसून तुम्ही शुद्धीवर राहिलाच नसता. माझी साखर तेवढ्या चढावर इतकी उतरते, की दोन पुड्या लागतात."

"तुझा फोन सांगतो तुला."

"तो कधी कधी सांगतच नाही हो. घामाने चकती निघते. मागच्या वेळी वरच्या टप्प्यावर फोनच बंद पडला."

"मग काय केलंस?"

"बसले. घाबरून रडले थोडी. मग अंदाजाने खाल्लं." ती हसली. "आणि खडा चढ आम्ही कोणी धावत नाही, बरं का. चालतोच. सगळे चालतात."

हे तिने माझ्या बाजूने सांगितले, हे मला कळत होते. तिच्या दंडावरची ती चकती मी जवळून पाहिली. ती म्हणाली, "हात लावून बघा." मी लावला नाही. मला ती हवी होती, पंचविसाव्या वर्षी, आणि आता नको होती.

जाताना तिने विचारले, "पण आजोबा, तुम्हीच वर गेला होतात, हे अध्यक्षांना कसं पटवणार? ते म्हणतात देवीने घेतला. माझे बाबा म्हणतात, माकडांनी नेला असेल. तुम्ही म्हणता मी खाल्ला. गूळ तर काही सांगणार नाही."

तिने मानपत्र परत करण्याची तयारी दाखवली. मी म्हटले, ते राहू दे, फक्त 'पहिली' हा शब्द काढायला सांग. ती म्हणाली, पुरावा द्या, मी स्वतः काढायला लावते. माणसे कशी मुद्द्यावर येतात, ते मी तिच्याकडून पाहिले.

तेव्हा अध्यक्षांना माझे जाहीर सांगणे असे. आपण इतकी वर्षे सांगत आलात की गूळ देवीच्या पायाशी ठेवला. ऐकायला ते चांगले लागते, म्हणून आपण तसे सांगता. प्रत्यक्षात कुठे ठेवला, ते आपण कोणाजवळ बोलल्याचे मी ऐकलेले नाही, आणि मला ते विचारायला आजवर कोणी आले नाही. त्या दिवशी आपण देवळात एकटे होतात. आपल्यानंतर आलेले धावपटू बाहेरूनच हात जोडून मागच्या उतरंडीला लागले, हे आपणच प्रत्येक वेळी सांगता. परतताना आपण पाहिलेत ते आपल्याला चमत्कार का वाटले, हे मला पक्के ठाऊक आहे, कारण आपण ठेवले तसेच सगळे जागच्या जागी होते आणि गूळ तेवढा नव्हता.

गूळ पायाशी नव्हता. माकडांच्या भीतीने आपण तो गाभाऱ्याच्या डाव्या कोनाड्यात ठेवून त्यावर पणती उपडी घातली होती, आणि खाऊन झाल्यावर मी ती पुन्हा तशीच उपडी घातली.